दुबईला न गेलेली उशी

दुबईला जायचं ठरलं तेव्हा मी सगळ्यात आधी वही आणली. धुळ्याच्या शाळेत तीस-बत्तीस वर्षं हजेरी घेतलेला माणूस, वहीशिवाय माझं कुठलंच काम सुरू होत नाही. पहिल्या पानावर लिहिलं, ‘परदेशात घ्यावयाची काळजी’. पासपोर्टच्या तीन झेरॉक्स काढल्या. बनियनला आतून चेनचा खिसा शिवून घेतला, त्यावर बायको दोन दिवस हसत होती. हॉटेलचा पत्ता कागदावर लिहून दोघांच्या खिशात ठेवला. आणि लाल शाईनं, खाली दोन रेघा ओढून लिहिलं: कुणाचंही सामान सोबत नेऊ नये. ही यादी मी पांझरेच्या काठी सकाळी फिरायला येणाऱ्या मंडळींना वाचूनही दाखवली. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, ते माझ्यासारख्यांमुळेच.

निघायच्या आठ दिवस आधी पाचोऱ्याहून माझी मेव्हणी आली. तिची मुलगी दुबईत, नुकतीच बाळंत झालेली. तिच्यासाठी डिंकाच्या लाडवांचा स्टीलचा डबा, वर झाकणाला तीनपदरी चिकटपट्टी. मी तो उचलला आणि बॅगेत टाकला. वहीची आठवणही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी चाचा आले. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं कापूस पिंजायचं दुकान आहे. आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या त्यांनी भरलेल्या. माझ्या मुलीच्या लग्नात रुखवतातली गादी त्यांनी स्वतः डोक्यावरून आणून दिली होती. त्यांचा मुलगा दुबईत एसी दुरुस्त करतो. दिवसभर शिडीवर उभं राहून मान वर, त्यामुळे मान धरते, आणि तिथल्या फोमच्या उशीनं ती आणखीच दुखते. म्हणून चाचांनी त्याच्यासाठी एक उशी भरून आणली होती. लहानशी, निळ्या पट्ट्यांच्या कापडाची.

“उघडीसन देखी ल्या मास्तर,” ते म्हणाले. “ही बाजू कच्ची शिवेल शे. परदेश शे, कोनी बी काही देवो, देखीसनच लेवानं.”

मी हसलो. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “काय चाचा, आता तुमच्यावर अविश्वास दाखवू का?” असं म्हणालो, आणि तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. भीड भिकेची बहीण हे मला ठाऊक आहे, पण ही नुसती भीडसुद्धा नव्हती. मला मोठ्या मनाचा दिसायचं होतं.

चाचा गेले आणि उशी पलंगावर पडून राहिली. येता-जाता मी तिच्याकडे बघायला लागलो. फोनवर आलेले व्हिडिओ आठवू लागले, कुणाच्या बॅगेत काय सापडलं आणि कोण किती वर्षं आत आहे. चाचा मुसलमान आहेत, हे लिहावं की नाही यावर मी बराच अडलो. पण ते लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. डबा बॅगेत होता आणि त्याची मला काळजी नव्हती. उशीची होती. कारण तेवढं एकच होतं आणि ते मला तेव्हाही कळत होतं.

बायको शिंप्याकडे गेली होती त्या दुपारी मी दार लावून घेतलं. कच्ची बाजू उसवली. आत कापूस, पांढराशुभ्र, नवा. तिथे थांबायला हवं होतं. पण मनात आलं, ज्याला लपवायचं तो उघडायची बाजू स्वच्छच ठेवणार. मग दाढीचं ब्लेड आणलं आणि उशीला मधोमध उभी चीर दिली. कापूस बाहेर काढून चादरीवर पसरला, बोटांनी पिंजून पाहिला. काही नव्हतं. कापूस परत कोंबायला लागलो तर तो मावेना. पिंजलेला कापूस परत भरणं हा त्यांचा धंदा आहे, माझा नाही. तेवढ्यात फाटक वाजलं. मी ते सगळं एका गोणीत घातलं आणि माळ्यावर टाकलं. बायकोला सांगितलं, वजन जास्त होतंय, उशी राहू दे. ती चादर झटकायला गेली. चादरीवर कापसाचे तंतू होते.

दुबईत चाचांचा मुलगा सुट्टीच्या दिवशी हॉटेलवर आला. दोन बस बदलून आला होता, आमच्यासाठी खजूर घेऊन. मी त्याला वजनाचं तेच सांगितलं. “ऱ्हाऊ द्या काका, कोनी ना कोनी येई,” तो म्हणाला आणि मान चोळली. मी दुसरीकडे बघितलं.

बायकोनं त्याला काहीतरी खायला द्यावं म्हणून डब्याची चिकटपट्टी काढली. भाची संध्याकाळी येणार होती, एक लाडू कमी झाला तर काय. त्यानं लाडू हातात घेतला, तोंडाजवळ नेला आणि थांबला. लाडवावरचे बारीक पांढरे दाणे त्यानं नखानं खरवडून पाहिले.

“काकू, यामा खसखस शे का?”

“असणारच. बाळंतिणीचे लाडू आहेत.”

तो उठला आणि आधी खोलीचं दार लावलं. मग हळू आवाजात सांगितलं की खसखस इथे चालत नाही, अफूच्या झाडाची म्हणून बंदी आहे, माणूस आत जातो. विमानतळावर बॅग उघडली गेली नाही हे आमचं नशीब. बनियनच्या खिशातले पासपोर्ट मी उगाच चाचपले.

मी काही करू शकत नव्हतो, आणि त्यानं मला करूही दिलं नाही. डबा घेऊन तो बाथरूममध्ये गेला. एकेक लाडू हातानं कुस्करून त्यानं संडासात सोडला. पुन्हा पुन्हा पाण्याचा आवाज येत होता. मग डबा तीनदा धुतला, टेबलावर सांडलेले दाणे ओल्या बोटानं टिपले. त्या अर्ध्या तासात कुणी दार वाजवलं असतं तर तो माल त्याच्या हातात सापडला असता, आणि मी काय बोललो असतो याची मला खात्री नाही. हे मी आज लिहितोय, तरीही नाही.

“कोनी देयेल व्हतं?” त्यानं हात पुसत विचारलं.

“घरचंच होतं,” मी म्हणालो.

तो गेल्यावर बायको मला म्हणाली, “ती उशी तुम्ही कापली ना?” मी मानेनंच हो म्हटलं. बाकीचे चार दिवस आम्ही उंच इमारती बघितल्या. मला त्यातली एकही नीट आठवत नाही.

घरी आल्यावर मी गोणी खाली काढली आणि बायकोपुढे ठेवली. चीर बारीक टाक्यांनी शिवून दिली तर चाचांना काही कळणार नाही, फक्त नेता आली नाही एवढं सांगून परत करता येईल. तिनं गोणीला हातही लावला नाही. “कापली तुम्ही, न्या तुम्ही,” एवढंच म्हणाली. तीन दिवस मी दुकानासमोरून जायचं टाळलं, मागच्या बोळानं भाजीला गेलो. तोपर्यंत चाचांना मुलाचा फोन येऊन गेलाच असणार, वजनाचं कारण त्यांना कळलं असणार. म्हणजे चाचांचा माझ्यावर अजून विश्वास होता, आणि तोच मला सहन होईना. चौथ्या दिवशी गेलो.

चाचा मशीनपाशी होते. त्यांनी मशीन बंद केलं. मी गोणीतून उशी आणि सुटा कापूस काढून त्यांच्या पुढ्यात ठेवला. आधी त्यांनी उसवलेली बाजू पाहिली आणि मान डोलावली. मग उशी उलटी केली. मधल्या चिरेवरून अंगठा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेला. मी बरंच पाठ करून आलो होतो. चुकलो, एवढं म्हणालो.

“काय निंघनं मास्तर?”

“कापूस.”

त्यांनी बाहेर आलेला कापूस बोटांनी मोकळा केला आणि चिरेतून थोडा थोडा आत बसवला. बराच वेळ ते हेच करत होते. शिरपूरचा एक ओळखीचा पुढच्या आठवड्यात दुबईला जाणार आहे, त्याच्याकडे देतो, असं म्हणाले. सुई-दोरा शेजारीच फळीवर होता. तो मी उचलून त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी तो घेतला नाही.

“टाका नही घालाना आते,” ते म्हणाले. “उघडीच धाडसू. पोऱ्या तठे शिवी लेई.”