कोंड्यातलं किटाले

हे सांगणं मी बरीच वर्षं टाळलं.

आमच्या पवनीच्या राइस मिलचा मिस्त्री तरुणपणी केनियात, किटाले गावच्या मक्याच्या गिरणीवर कामाला होता. आपण धान भरडायला न्यावं, तर हा यंत्र थांबवून जमिनीवर कोंड्याचा ढीग रचणार. "हा एल्गन पहाड जी. याच्या बाजूले, उंचावर आमचं किटाले. पयले गुलामाइचे तांडे तिथं थांबत. मंग गोऱ्याइनं मका पेरला, रेल्वे आणली." मग ढिगाला बोटानं भोक पाडणार. "या गुफेत हत्ती मीठ चाटाले जाते." तोवर माझी पोती तशीच पडलेली.

एकदा घरी पाहुणे खोळंबले होते अन् हा अजून गुलामांपाशीच. मी सगळ्यांसमोर ओरडलो, "हत्ती गुफेत मीठ खाते? काहून लोकाइले येडं बनवून राहिला? तू नागपूरच्या पुढं गेलाच नाहीस!"

लोक खो खो हसले. त्यानं पायानं ढीग मोडला अन् यंत्राचा पट्टा चढवला.

तेव्हापासून माझं धान झटपट होतं. पुढं टीव्हीवर एल्गनची गुहा दिसली. हत्ती सुळ्यानं भिंतीतलं मीठ खरवडत होते.

परवा मिलमध्ये मीच कोंड्याचा ढीग केला, बोटानं भोक पाडलं. 'मिस्त्री, माह्यं चुकलं. हत्ती कोठून घुसते, सांग ना बाप्पा,' असं म्हणायचं होतं.

त्यानं वर पाहिलं. "काय झालं जी?"

"काही नाही," मी म्हणालो. "कोंडा आज बारीक आला."