प्रत्येक मुलगी कशात तरी

आमच्या मोठ्या बाईंना खुर्चीवर बसलेलं पाहिलं आहे, असं देवाशपथ सांगणारा माणूस अख्ख्या डिचोली तालुक्यात सापडायचा नाही. मुलींच्या माध्यमिक शाळेच्या त्या मुख्याध्यापिका. त्यांच्या खोलीत खुर्ची नव्हती असं नाही. चांगली वेताची, हातांवर द्राक्षांचे घोस कोरलेली, पोर्तुगिजांच्या वेळची होती. पण तिच्यावर कायम लेझमांचा नाहीतर नाटकातल्या पागोट्यांचा ढीग असायचा आणि बाई खोलीभर, व्हरांडाभर, मैदानभर फिरत असायच्या. सही करायची झाली तर कागद भिंतीला टेकवून करायच्या, म्हणून त्यांच्या सहीत गिलाव्याचे सगळे खड्डे उमटत. दुपारचं जेवण म्हणजे पोदेराच्या टोपलीतला उंडो, म्हणजे गोल पाव, आणि त्यात घरून आणलेली भाजी, तीही जनेलाशी उभ्याने, कारण जनेलातून मैदान दिसे आणि मैदानावर कुणी ना कुणी चुकतच असे. तोंडातला घास गालात सारून त्या ओरडत, "अगं, डावीकडे! डावा हात कुठला ते ठाऊक आहे ना?" शिक्षिकांची सभासुद्धा त्या चालता चालता घ्यायच्या. व्हरांड्याच्या या टोकाला विषय निघायचा आणि त्या टोकाला पोचेपर्यंत ठराव झालेला असायचा. चित्रकलेच्या बाई जरा वजनदार होत्या, त्या वाटेत मागे पडायच्या आणि आपल्यावर कोणतं काम पडलं ते त्यांना दुसऱ्या दिवशी मुलींकडून कळायचं.

बाईंचं बोलणंही तसंच, चालीला चाल मिळवणारं. वाक्य त्या सुरू करायच्या, पुरं करणं समोरच्यावर सोपवायच्या. "ते निबंधाचं... हं, आणि कुंड्या!" एवढ्यावर आम्ही समजायचं, की निबंधस्पर्धेचा निकाल लावायचा आहे आणि पुष्पप्रदर्शनाच्या कुंड्या सकाळी कुणी तरी घाटावरून उचलून आणायच्या आहेत.

मी मूळची पेडण्याची. गोवा मुक्त झाल्यानंतर गावोगाव शाळा निघाल्या, त्यांतल्या एकीत मला नोकरी लागली आणि मी डिचोलीला मावशीकडे राहायला आले. मराठी शिकवायला आले, असा माझा समज होता. नाताळची सुट्टी संपून शाळा उघडली त्या सकाळी प्रार्थनेनंतर बाईंनी शिगम्यापर्यंतचे, म्हणजे होळीपर्यंतचे, कार्यक्रम तोंडपाठ म्हणून दाखवले. खो-खो, लेझीम, पाककृती, हस्तकला, पुष्परचना, सहल, श्रमदानाचं शिबिर, विज्ञानाचं प्रदर्शन, स्नेहसंमेलन, आणि या सगळ्याच्या फटीत सराव परीक्षा. ऐकता ऐकता पुढच्या रांगेतली एक मुलगी चक्कर येऊन खाली बसली. बाईंनी तिला पाणी दिलं आणि प्रथमोपचार पथकात घातलं.

मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्हांला खो-खो येतो?"

"नाही बाई. मी कधी पळलेच नाही."

"छान. मुलींबरोबरच शिकाल."

अशी मी खो-खोची प्रशिक्षक झाले. रोज संध्याकाळी खाणीवरच्या ट्रकांची तांबडी धूळ मैदानावर उतरायची आणि त्या धुळीत मी नऊवारी नेसलेल्या मावशीच्या देखत, पदर खोचून, सतरा-अठरा पोरींच्या मागे धावायची. मावशी घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "गे, तुका मास्तरीण म्हणून धाडली मगो?"

सामने पेडण्याला होते. कारेर, म्हणजे आमची गावची बस, वाटेत प्रत्येक झाडाखाली थांबणारी. बाईंना ते सोसेना. त्या चालकाच्या पाठीशी उभ्या राहिल्या आणि "आता इथे कोणी चढणार नाही, चला," असं स्वतःच सांगू लागल्या. एका म्हातारबाने हात केला, तर बाईंनी खिडकीतून डोकं काढून विचारलं, "आजोबा, फार घाई आहे का? मुलींचा सामना आहे हो." म्हातारबा बिचारे म्हणाले, "ना, ना, तुमी चला." पेडण्याला आम्ही पहिल्याच फेरीत हरलो, ते बरंच झालं, नाहीतर माझ्या गावच्या लोकांना माझं आणखी धावणं पाहावं लागलं असतं. परतताना मुली रडवेल्या झाल्या होत्या. बाई म्हणाल्या, "हरलो ना? मग आता शिबिराला वेळ मिळाला."

शिबिर इब्रामपूरला. गावच्या विहिरीकडे जाणारी वाट मुलींनी दुरुस्त करायची होती. गावकरी कडेला उभे राहून शहाण्या माणसांसारखे सूचना देत होते. बाई त्यांच्यातल्या सगळ्यांत मोठ्याने बोलणाऱ्यापाशी गेल्या, फार आदराने म्हणाल्या, "तुम्हांला कळतं ते आम्हांला कुठलं कळायला? जरा करून दाखवा," आणि कुदळ त्याच्या हातात दिली. एकाने घेतली म्हणून दुसऱ्याने घेतली. दुपारपर्यंत सगळा गाव खणत होता आणि मुली त्यांना पाणी पाजत होत्या. पेज रटरटत होती तिच्याभोवतीही बाई चकरा मारत होत्या. तिथेच मी त्यांना विचारलं, की बाई, इतकं सगळं एकाच सत्रात कशाला? त्यांनी डाव माझ्या हाती दिला आणि त्या दुसरीकडे गेल्या.

उत्तर मिळालं ते शेवंतीमुळे. शेवंती दहावीत होती. तिचे वडील सावंतवाडीकडचे, खाणीवर ट्रक चालवायचे आणि खाणीजवळच बिऱ्हाड करून राहायचे. ट्रकांच्या आवाजातून हाका मारून मारून त्या घरातल्या सगळ्यांचेच आवाज खणखणीत झाले होते. एका सकाळी ते शाळेत आले. मी स्नेहसंमेलनाच्या नाटकाची तालीम घेत होते, बाई शेजारी येरझारा घालत होत्या. शेवंती खांबाआड जाऊन उभी राहिली.

"बाईनू, चेडवाक न्हेऊक इलंय," ते लेकीच्या खांबाकडे बघत म्हणाले.

"कुठे?"

"गावाक. पावणे बघूक येतले."

बाई थबकल्यासुद्धा नाहीत. "कसं जमेल? ती नाटकात आहे."

"तां? नाटकात?"

"राजा आहे."

माझ्या हातातला नाटकाचा कागद खाली पडला. राजाचं काम बाजारातल्या कापडवाल्यांच्या मुलीकडे होतं आणि तिच्या घरच्यांनी मखमलीचा अंगरखासुद्धा शिवून घेतला होता.

वडील डोकं खाजवत म्हणाले, "राजा म्हणजे मोठा काम?"

"राजाशिवाय नाटक होतं का हो?"

"ता खरा. पण पावण्यांक काय सांगू?"

"त्यांनाही आणा नाटकाला. पुढच्या रांगेत जागा ठेवते."

ते गेले. मी चिडले होते. नाटक मीच लिहिलेलं, रात्री जागून पदरचं डोकं खर्चून लिहिलेलं, आणि आता त्यात दुसरा राजा कुठून आणायचा? मी बाईंना तसं म्हटलं. त्या मला व्हरांड्याच्या टोकापर्यंत घेऊन गेल्या आणि तिथे, मला आठवतं, त्यांनी पहिल्यांदाच सगळी वाक्यं पुरी केली.

"गेल्या साली सर्वणची एक मुलगी होती, शालन. नववीत. खेळात नव्हती, गाण्यात नव्हती, कशातच नव्हती. संक्रांतीनंतर यायची बंद झाली. लग्न झाल्यावर मला कळलं. आधी कळलं असतं तरी तिच्या बापाला काय सांगून अडवणार होते मी? भूगोल शिल्लक आहे म्हणून? भूगोलासाठी कुणी मुलगी घरी ठेवून घेत नाही. पण नाटक अडेल, संघात एक जण कमी पडेल म्हटलं की त्यांना ते पटतं. शिगम्यापर्यंत कशीबशी धरून ठेवली की पुढे परीक्षाच येते. प्रत्येक मुलगी कशात तरी हवी. कळलं?"

मग लगेच, "राज्य मोठं करा. दोन राजे मावतील," म्हणून त्या लेझमांकडे पळाल्या.

त्यानंतर मी डोळे उघडून बघू लागले तेव्हा दिसलं, की शाळेत रिकामी अशी एक मुलगी नाही. जिला पळता येत नव्हतं ती शिट्टी सांभाळत होती, जिला गाता येत नव्हतं ती पेटी उचलत होती, आणि आठवीतली एक अगदी अबोल पोर पडदाप्रमुख होती. तिच्या आईने बाईंना येऊन विचारलं, "चार दिवस आजोळी धाडूं?" तर बाई गंभीरपणे म्हणाल्या, "आणि पडदा?"

नाटकात मी थोरला राजा आणि धाकटा राजा केले. कापडवाल्यांची मुलगी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. शेवंतीला पाठांतर येईना. एक वाक्य नीट म्हणायची आणि पुढच्याला अडखळून ओढणीचं टोक चावत बसायची. संमेलन तर तोंडावर आलं. पण बाईंना सांगायची सोय नव्हती, त्या पताका बांधायला शिडीवर होत्या.

संमेलनाच्या संध्याकाळी शेवंतीचे वडील खरोखरच पाहुण्यांना घेऊन आले. मुलगा, त्याचे वडील आणि हिरवं लुगडं नेसलेली त्याची आई. बाईंनी त्यांना पुढच्या रांगेत बसवलं, सरबत दिलं. मी नाटकाचा कागद घेऊन विंगेत उभी होते. शेवंती मिशी लावून, कमरेला तलवार खोचून बाहेर पडली. पाहुण्यांना आधी कळलंच नाही. मग वडिलांनीच आपण होऊन बोट दाखवलं, "ह्यां माझा चेडू." मुलाच्या आईचा सरबताचा पेला तसाच हातात राहिला.

आणि शेवंती दरबाराच्या प्रवेशात वाक्य विसरली. प्रधान वाट बघतोय, सैनिक वाट बघताहेत. शेवंतीने एकदा वडिलांकडे पाहिलं, पाय आपटला आणि खाणीवरून घरी हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, "प्रधानजी! ह्या राज्यात कोणाचा ऐकतले? माझा!" हे माझ्या नाटकात कुठेही नव्हतं. टाळ्यांनी मांडव हादरला. पुढचं सगळं तिने तिच्याच भाषेत रेटलं आणि धाकट्या राजाने थोरल्याला पार झाकून टाकलं.

नाटक संपलं तेव्हा पुढच्या रांगेतल्या तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. शेवंतीचे वडील मात्र उभे होते. बाई त्यांच्याकडे गेल्या. मला वाटलं, आता ते चिडणार.

"पावणे गेले, बाईनू. म्हणतत, इतक्या मोठ्या आवाजाची सून आमका नको."

"मग?"

त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. "आवाज बरो असा मात्र तिचो," ते म्हणाले. "आवशीसारखो." आणि निघता निघता, "परीक्षा कधी असा?"

शेवंती त्या वर्षी गणितात राहिली. बाईंनी तिला घरी बोलावून, स्वयंपाक करता करता ते पुन्हा करून घेतलं आणि पुढच्या खेपेला ती सुटली. मग तिने नर्सिंग केलं. लग्नही झालं, रीतसर, ज्याने तिचा आवाज आधीच ऐकला होता अशा माणसाशी.

परीक्षा आटोपल्यावर एका दुपारी बाई मला म्हणाल्या, "सर्वणला येता?" काजूच्या बोंडांचा वास सगळ्या वाटेवर भरला होता. शालन बाळंतपण आटोपून माहेरीच होती. कडेवर मूल घेऊन ती ओट्यावर आली आणि बाईंना बघून घाबरली, जणू गैरहजेरीचं कारण विचारायला आल्या असाव्यात. तिच्या आईने पाणी आणलं. बाई अंगणात फिरत फिरत इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग एकदम म्हणाल्या, "शालन, तुला काय आवडायचं गं शाळेत?"

तिने मुलाचं झबलं सारखं केलं. मग हळूच म्हणाली, "रांगोळी. म्हाका बरी येताली. पूण कोणें विचारूंक ना."

बाईंचा चेहरा मी पाहिला आणि दुसरीकडे बघितलं. पण त्या बाईच त्या. "येत्या हस्तकलेच्या प्रदर्शनाला तू यायचंस," त्या म्हणाल्या. "मुलींना शिकवायला. मूल घेऊन ये, सांभाळायला आमच्याकडे पथक आहे."

आणि ती आली. पुढे दर वर्षी, थंडी ओसरता ओसरता, कारेरमधून उतरून, मुलाला कडेवर घेऊन, नंतर बोटाला धरून. व्हरांड्यात ती बसायची आणि मुली भोवती गोल करायच्या. तिच्यासारखी रेघ माझ्या पाहण्यात दुसरी नाही.

बाई निवृत्त झाल्या आणि बेळगावला बहिणीकडे गेल्या. नवीन बाई आल्या त्या शांत, नीटनेटक्या. त्यांनी तासांची घडी बसवली, निकाल वाढले, कार्यक्रम कमी केले. त्यांचंही काही चुकलं नाही. तोवर मुलींना शाळेतून काढणारे बापही कमी झाले होते. त्या वर्षी प्रदर्शन ठेवलंच नव्हतं. आणि एका सकाळी मी फळ्यावर लिहीत असताना फाटकाशी शालन दिसली, रंगांची पिशवी घेऊन.

"बाय खंय गे?" तिने विचारलं. मी बेळगावचं सांगितलं. तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. यंदा प्रदर्शन नाही हे सांगायला माझं तोंड उघडेना. मी नववीच्या मुलींना वर्गातून बाहेर बोलावलं. एकीला पाणी शिंपडायला सांगितलं, एकीला झाडायला, आणि मागे गप्प उभी होती तिला म्हटलं, तू या रांगोळीच्या बाईंच्या शेजारी बस. नवीन बाईंनी खोलीतून एकवार बघितलं आणि हळूच दार पुढे लोटलं.

शालन खाली बसली. चिमटीत पांढरी भुकटी घेऊन तिने माझ्याकडे पाहिलं.

"खंय सुरू करूं?"

"इथूनच," मी म्हटलं.