शिक्क्यावरचा शेवटचा माणूस

जर्मनीत इंगोलश्टाटला नोकरीला लागलो, त्या पहिल्याच वर्षी मी एक खोटं बोललो. कॉफी पिताना बॉस सांगत होते, त्यांचे वडील इंजिनीअर, आजोबाही इंजिनीअर. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि तुमचे?"

"तेही इंजिनीअर. मेटलमध्ये."

त्यातलं मेटल तेवढं खरं होतं. बाबांनी जन्मभर पुण्यात एका भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून तांब्या-पातेल्यांवर छिन्नी-हातोडीनं नावं घातली. लग्नसराईत 'सप्रेम भेट' कोरून कोरून त्यांची मान आखडायची. व्यापाऱ्यांचे पितळी शिक्केही ते कोरून देत, सगळी अक्षरं उलटी. त्याच कमाईवर मी शिकलो, आणि ते चार लोकांत सांगायला माझीच जीभ रेटेना.

गेल्या वर्षी बाबा आमच्याकडे राहायला आले. बॉसना जुन्या वस्तूंचा भारी नाद. एका शनिवारी ते हौसेनं आम्हा दोघांना म्युनिकला एका प्रदर्शनाला घेऊन गेले. गाडीत त्यांनी बाबांना इंग्रजीत विचारलं, "तुम्हीसुद्धा इंजिनीअर ना? मुलगा सांगत होता."

बाबांचं इंग्रजी बेताचंच, पण एवढं त्यांना कळलं. ते नुसते हसले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी खिडकीबाहेर पाहू लागलो, जसं काही ऑटोबानवर पाहण्यासारखं काही असतं.

प्रदर्शनात एका काचेमागे बॅबिलोनचे दगडी शिक्के मांडले होते. बोटाच्या पेराएवढी नळकांडी, सगळ्या अंगावर कोरीव काम. ओल्या मातीवर फिरवली की चित्रांची पट्टी उमटते. तशी एकेक पट्टी शेजारी ठेवलेली होती. बाबा एका पट्टीपुढे जे थांबले ते हलेनात. मग एकदम सुरू झाले.

"अरे, हे बघ! ह्याला जागा पुरली नाहीये. बसलेल्या देवापासून सुरुवात केली, ऐसपैस. गोल फिरून परत येईस्तोवर शेवटच्या माणसाला जागाच उरली नाही. मग त्याला बारीक केला, हात अंगाला चिकटवले. डब्यावर लांबलचक आडनाव आलं की मी हेच करायचो! आणि हा तर दगड, चुकलं की संपलं. सांग ना त्यांना."

इतकं खुशीत बोलताना मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

"काय म्हणतात?" बॉसनी मला जर्मनमध्ये विचारलं.

"श्योन, म्हणतात. फार सुंदर आहे."

"एवढंच? ते बराच वेळ बोलत होते."

"हो, अगदी. एवढंच."

बाबांना जर्मन येत नाही, पण आपलं एवढं मोठं बोलणं दोन शब्दांत संपलं, हे कळायला भाषा कशाला लागते? बॉस मात्र त्यांच्या हाताकडे बघत होते. छिन्नी धरावी तशी बाबांची बोटं अजून काचेवर टेकलेली होती.

"तुम्ही असं कोरीव काम केलंय का?" बॉसनी त्यांना इंग्रजीत, सावकाश विचारलं.

बाबांनी काचेवरचा हात काढला आणि पाठीमागे घेतला.

"नो, नो," ते म्हणाले. "आय इंजिनीअर. बिग मशीन."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हाही बॉसना खरं सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.