साडूंची बारकी गाडी

“अडीच फूट! बघा, बरोबर अडीच फूट! एवढीच जागा लागते हो, आणि सरकार म्हणतं जागा नाही!”

बोरिवलीला आमच्या घरी माझ्या नातवाचं बारसं चाललं होतं. बायका पाळण्याभोवती जमलेल्या, आत्या नाव सांगायला बाळाच्या कानाशी वाकलेली, आणि आमचे साडू खिशातून सुतळी काढून पाळण्याची रुंदी मोजत ओरडत होते. बाळ दचकून असं किंचाळलं की नाव कुणाला ऐकूच गेलं नाही. अर्धे नातेवाईक अजूनही त्या पोराला ‘अडीच फूट’ म्हणतात.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी या वयापर्यंत नाना तऱ्हेची वेडी माणसं पाहिली, पण मेलेल्या आगगाडीचं सुतक आजवर न फिटलेला माणूस अख्ख्या मुंबईत हा एकच. बरं, हे काही रेल्वेत होते असंही नाही. उभी नोकरी औषधांच्या कारखान्यात गेली, खोकल्याच्या बाटल्यांना बुचं बसवण्यात. पण त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे अक्कांच्या, सासरच्या गावापर्यंत पूर्वी एक अडीच फुटी रुळांची बारकी गाडी जायची. ती बंद पडली, रूळ उपटून नेले, लोक विसरले. साडू विसरले नाहीत. दाराची चौकट, देव्हारा, जावयाची छाती, जे दिसेल त्याला ते सुतळी लावतात आणि अडीच फूट भरलं की गहिवरतात.

मुलुंडच्या त्यांच्या फ्लॅटच्या गॅलरीत त्या रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे. घरातलं कुणीही बाहेर निघालं की साडू त्यावर हातोडीने टोले देतात. ‘गाडी सुटली’ हे जगाला कळायला नको? माझी मेहुणी मिरच्या आणायला खाली उतरली तरी टोले. वरच्या मजल्यावरच्या गुजराती काकूंनी तर त्या टोल्यांवर घरातला स्वयंपाक लावून घेतलाय, आणि साडू गावाला गेले की त्यांच्याकडे डाळ करपते म्हणे. खाली लोकलचे रूळ दिसतात त्या खिडकीपाशी एक खुर्चीही आहे. एकदा मी सहज तिच्यावर टेकलो, तर हा माणूस माझ्या अंगावर धावून आला. “उठा! ती जागा आरक्षित आहे!” मला वाटलं, वेडाचाच भाग. पोह्यांची बशी घेऊन मुकाट्याने दिवाणावर सरकलो.

आणि ती गाडी तरी काय लायकीची! मी तिच्यातून एकदा गेलोय. निघालो तेव्हा दाढी गुळगुळीत होती, उतरलो तेव्हा पोरं ‘महाराज’ म्हणून पाया पडली. चढ लागला की लोक उतरून बोरं वेचायचे, पुढे जाऊन विहिरीवर पाय धुवायचे आणि गाडी आली की पुन्हा चढायचे. एकदा गार्डाची टोपी उडाली. तो उतरला, टोपी शोधली, वाटेतल्या व्याह्यांकडे चहा घेतला, जेवूनच जा म्हणाले म्हणून जेवला, आणि पुढच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत बसला. एक शेळी रोज तिच्याशी शर्यत लावायची. गाडी बंद व्हायच्या आधी ती शेळीच कंटाळली.

हे मी साडूंच्या तोंडावर सांगितलेलं आहे. “अहो, आता गावात दारोदारी मोटारसायकली आहेत, दर थोड्या वेळाने एसटी आहे. जेवढ्या पैशात तुमची गाडी होईल तेवढ्यात अख्ख्या तालुक्याला नव्या बसगाड्या येतील. आणि प्रवासी किती मिळणार तुम्हाला?”

“बसचं नाव काढू नका!” साडू एवढ्या जोरात ओरडले की गॅलरीतला रूळ आपोआप वाजला. प्रवाशांचं उत्तर मात्र दिलं नाही. ते कधीच देत नाहीत.

मागच्या दिवाळीत भाऊबीजेला ते मेहुणीला घेऊन अक्कांकडे निघाले, तेव्हा मलाही ओढून नेलं. जुन्या स्टेशनावर गावकऱ्यांची सभा बोलावली होती, ‘रेल्वे परत आणा’ म्हणून. स्टेशन कसलं, पत्रा गेलेली एक खोली, तिच्यात कुणीतरी कडबा भरलेला. आणि जिथून रूळ जायचे तिथे आता ओळीने सलून, मंगल कार्यालय, मारुतीचं देऊळ आणि शेवटी अक्कांचा म्हशीचा गोठा. साडूंनी सुतळी ताणली आणि भाषण ठोकलं. जमलेल्यांपैकी निम्मे चणे खात होते, उरलेले चणे मागत होते.

“अण्णा, गाडी कार्यालयाच्या मधनं जाणार का?” एकाने साडूंना विचारलं. “म्हंजे अक्षता डब्यातनंच टाकायच्या म्हणा की!”

“आन् माझं सलून?” न्हावी उठला. “अर्धी दाढी झाल्यावर इंजिन आलं तर?”

“आरं, पण बसणार कोण तिच्यात?” तिसरा म्हणाला, आणि सगळी सभा पोट धरून हसली. खोटं कशाला बोलू, मीही हसलो. मुलुंडपासून तेच तर म्हणत होतो मी.

साडूंच्या हातातली सुतळी तशीच ताणलेली. तेवढ्यात मागून अक्का पुढे आल्या. म्हाताऱ्या, ठेंगण्या, डोक्यावर पदर, हाताला शेण. त्या कुणाकडे न बघता साडूंना म्हणाल्या, “बाबू, माझा गोठा पयला काढ. म्हस मी पिंपळाला बांधीन.”

चणे खाणारी तोंडं थांबली. सगळ्या गावात जागा सोडायला तयार झालेलं ते एकच माणूस.

अक्कांच्या घरी ओवाळणी झाल्यावर माझ्या मेहुणीने मला बाजूला घेऊन सांगितलं. अक्कांना मोटार लागते. लागते म्हणजे नुसती मळमळ नव्हे, दुसऱ्या वळणाला बाई आडवीच होते. लग्न झाल्यापासून दर दिवाळीनंतर त्या माहेरपणाला मुंबईला यायच्या त्या बारक्या गाडीने, जंक्शनला मोठी गाडी पकडून. मोठीही सोसायची, रुळावरचं सगळंच सोसायचं. बारकी बंद झाली आणि जंक्शनपर्यंतचा रस्ताच आडवा आला. आई-वडील गेले, चाळ गेली, साडूंनी मुलुंडचा फ्लॅट घेतला. अक्कांनी त्यातलं काहीच पाहिलेलं नाही. साडूंनी प्रयत्न सोडला नव्हता. तोंडात आवळा देऊन एसटीत बसवून पाहिलं, टमटम करून पाहिली, ती ओढ्यावरूनच परत आली. मोटारसायकलवर बसवलं तर अक्कांनी चालवणाऱ्याच्या मानेला अशी मिठी मारली की तोच बेशुद्ध पडायची वेळ आली. बैल तर गावात कुणाकडे उरलेच नाहीत.

आम्ही निघालो तेव्हा अक्का आमच्या भाड्याच्या मोटारीपर्यंत आल्या. दार उघडल्याबरोबर आतला वास आला आणि त्यांनी पदर नाकाला लावला. तसंच तोंड झाकून त्यांनी साडूंना विचारलं, “खिडकीतनं रूळ दिसत्यात म्हणतोस ना तुझ्या?”

“दिसतात की. खुर्ची तिथेच ठेवलीय.”

“बसू देऊ नको कुणाला,” त्या म्हणाल्या आणि म्हशीकडे वळल्या.

माझं मत आजही बदललेलं नाही. ती गाडी पुन्हा चालू करणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, आणि कुठल्याही शहाण्या सरकारने तो करू नये. फक्त आता मुलुंडला गेलो की मी दारातूनच दिवाणाकडे वळतो.

 त्या दिवशी परतीच्या वाटेवर साडू बोटाला सुतळी गुंडाळत, सोडत बसले होते. शेवटी मला राहवेना. म्हटलं, “अहो, पण एका बाईसाठी एवढी रेल्वे?”

“एकीसाठी कशी?” साडू म्हणाले. “परत पोचवायला मी नाही का जाणार?”