आमच्या घराचा प्रशासकीय अहवाल

सरलेल्या वर्षाकडे निर्भयपणे व निःपक्षपातीपणे पाहिल्यावाचून कोणत्याही सुसंस्कृत समाजास नव्या वर्षात पाऊल टाकण्याचा अधिकार पोहोचत नाही. हे वाक्य माझ्या वडिलांचे आहे. ज्या कागदावर ते लिहिले आहे त्याच कागदावर, चार ओळी खाली, परसातल्या वेलाला त्या वर्षी अकरा दोडकी लागली आणि त्यांतली चार माकडांनी नेली, अशी नोंद आहे.

धार संस्थान होते तोवर वडील कचेरीत वार्षिक अहवाल तयार करायचे. वर्षभरात पाऊस किती पडला, पिके कशी आली, कुठे साथ आली, तुरुंगात किती माणसे, कोणता बडा पाहुणा येऊन गेला, हे सगळे प्रकरणे पाडून लिहायचे आणि वर पाठवायचे. वरून शेरा यायचा : "पाहिले. समाधान वाटले." राज्य चालते ते या शेऱ्यावर, अशी वडिलांची समजूत होती. अठ्ठेचाळीस साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले. कोणाचे मानपान गेले, कोणाच्या जहागिरी गेल्या. वडिलांचा विषय गेला. नव्या कचेरीत त्यांना एका कोपऱ्यात हिंदी पत्रांची आवक लिहायला बसवले.

पुढच्या गुढीपाडव्याला आम्ही गुढी उभारली. आई आणि मी कडुनिंब चावून तोंडे वाकडी करून बसलो होतो, तेवढ्यात वडील डोक्यावर पगडी घालून आतून आले. हातात लाल फितीने बांधलेले फुलस्केप कागद. लिहायला संस्थान उरले नव्हते, म्हणून त्यांनी घर घेतले होते.

त्यानंतर दर पाडव्याला हा अहवाल वाचला जायचा. पहिले प्रकरण पर्जन्यमान. कचेरीतले पर्जन्यमापक अर्थातच कचेरीत राहिले होते. वडिलांनी गच्चीवर काचेची सरळ उभी बरणी ठेवली, तिच्यावर रॉकेलचे नरसाळे बसवले आणि बाहेरून फूटपट्टी बांधली. पावसाळ्यात रोज सकाळी आठ वाजता छत्री घेऊन ते वर जात, पाणी मोजत आणि ओतून देत. विलीनीकरणानंतर धारचा पाऊस एकदम दीडपट झाला. याचे श्रेय नव्या सरकारला द्यायला वडील तयार नव्हते, पण आकडा तो आकडा.

मग शेती, म्हणजे दोडकी. मग आरोग्य : "सौभाग्यवतींची कंबर, प्रगती नाही." सार्वजनिक बांधकामात जिन्याची तिसरी पायरी दर वर्षी विचाराधीन असायची. थोर पाहुण्यांच्या भेटी या प्रकरणात नालछ्याच्या मावशीचे आगमन असे : "मुक्काम नऊ दिवस. प्रजेने मोठ्या उत्साहाने निरोप दिला."

आईचे नाव अहवालात 'कोठी व मुदपाक खाते' असे होते.

"खातं आहे म्हणता, तर मला रजा का नाही?" आईने एकदा विचारले.

"रजेचा अर्ज आलेला नाही," वडील म्हणाले.

शेवटच्या पानावर 'वरिष्ठांचा शेरा' असा मथळा आणि त्याखाली कोरी जागा असे. वरिष्ठ कोणीच नव्हते, त्यामुळे जागा दर वर्षी कोरीच राहायची. एकदा आईने तिथे धोब्याच्या कपड्यांची यादी लिहिली. वडील दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत.

हे असे सहा-सात वर्षे चालले. तोवर मी मॅट्रिक होऊन मुलींच्या शाळेत शिकवायला लागले होते, आणि ते मला मनापासून आवडत होते. घरात माझ्या लग्नाचे पाहत होते. पहिल्या स्थळाने मला पाहिले आणि नोकरी सोडावी लागेल म्हणून सांगितले. दुसऱ्याने न पाहताच तेच पत्राने कळवले. तिसरे स्थळ देवासचे. मुलगा हायस्कुलात गणिताचा मास्तर. मुलाच्या वडिलांनी लिहिले होते, "मुलीने शाळेत शिकवले तर आमची हरकत नाही. घरात दोघे मास्तर असल्यास निदान एक तरी वेळेवर उठेल." ते पत्र मी किती वेळा वाचले ते कोणाला सांगितले नाही. पाडव्याच्या मुहूर्तावर बापलेक पाहायला येणार होते.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मी वडिलांचे कागद चाळले. सातवे प्रकरण, शांतता व सुव्यवस्था. "वर्षात भांडी आपटण्याचे तीन गुन्हे घडले. तिन्हींत आरोपी एकच, कुमारी कन्या. पहिल्या दोन प्रकरणी कारण क्षुल्लक. तिसऱ्या प्रकरणी चिथावणी होती, असे चौकशीअंती दिसून आले. आरोपीस समज देण्यात आली. समजेचा परिणाम दिसून आला नाही."

मी कागद आईपुढे धरले. आईने ते वाचले आणि वडिलांपुढे धरले.

"यंदा एवढं एक प्रकरण गाळा," ती म्हणाली.

"अहवाल गाळून वाचत नाहीत."

"पाहुण्यांपुढे?"

"मी गोऱ्या पोलिटिकल एजंटापुढे कधी गाळलं नाही."

"पोलिटिकल एजंट मुलगी करून न्यायला आला नव्हता," आई म्हणाली.

वडिलांनी फीत बांधली. तडजोड एवढीच निघाली की वाचन दरवर्षीच्या आठऐवजी सात वाजता करायचे. इंदूरची बस दहाच्या आत कधी येत नसे. दहापर्यंत अहवाल पेटीत, पगडी खुंटीवर, आणि मी पोह्यांची बशी घेऊन अगदी शांत व सुव्यवस्थित.

पण पाडव्याला पाहुणे इंदुरात आदल्या रात्रीच मुक्कामाला आले होते, आणि तिथून पहिली बस वेळेवर निघून वेळेवर पोहोचली. धारच्या दळणवळणाच्या इतिहासात ही मोठी घटना होती, आणि ती अहवालात नव्हती. वडील प्रस्तावनेतल्या 'निर्भयपणे' या शब्दावर असतानाच दारात टांगा थांबला. आत आले एक उंच, वाळके गृहस्थ. डोक्यावर काळी टोपी, काखेत छत्री. मागून त्यांचा मुलगा, हातात मिठाईचा पुडा.

"चाललंय काय?" गृहस्थांनी विचारले.

वडिलांनी सांगितले. आईने डोळे मिटले.

"अहवाल," पाहुणे म्हणाले, आणि टोपी काढून पाटावर बसले. "आमच्या संस्थानात मीच लिहायचो. धाकट्या पातीचा. पहिल्यापासून वाचा."

देवास हे एकाच गावात दोन संस्थाने असलेले ठिकाण. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन कचेऱ्या, आणि रस्त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे अशी माणसे. त्यांतल्या धाकट्या पातीचे अहवाल लिहिणारा माणूस आमच्या ओसरीवर बसला होता. वडिलांचा आवाज एकदम खर्जात गेला. सात वर्षांत त्यांना पहिल्यांदाच श्रोता मिळाला होता.

मी दाराआड उभी राहून ऐकत होते. पर्जन्यमान, बावन्न इंच. पाहुण्यांनी खिशातून पेन्सिल काढून टोपीच्या अस्तरातल्या कागदावर काहीतरी टिपले. दोडकी. कंबर. पायरी. मग सातवे प्रकरण. वडिलांनी ते एक शब्द न गाळता वाचले, आणि 'समजेचा परिणाम दिसून आला नाही' हे जरा सावकाशच वाचले. माझ्या हातातल्या बशीतले पोहे थंड झाले होते. स्थळ गेले, नोकरीही कधीतरी जाणार, असे मी धरून चालले.

वाचन संपले. पाहुण्यांनी टोपीच्या अस्तरातला कागद पुन्हा काढून पाहिला.

"एक शंका आहे," ते शेवटी म्हणाले.

"विचारा," आई खोल गेलेल्या आवाजात म्हणाली.

"पहिलं प्रकरण पुन्हा वाचा."

वडिलांनी वाचले. बावन्न इंच.

"शक्य नाही," पाहुणे म्हणाले. "आम्हाला बत्तीस झाला."

"देवासला झाला असेल."

"देवासला दोन ठिकाणी मोजतात. दोन्हीकडे बत्तीसच्या पुढे नाही. आपल्या नि आमच्या गावात अंतर ते काय? ढग काय धारला येऊन मुक्काम करतो?"

"मी स्वतः मोजलेला आहे. रोज आठ वाजता."

"साहेब, आठ वाजता मी पण मोजत होतो."

हे चालले असताना तिरल्याचा दूधवाला दारात आला. दोघांनीही त्याला साक्षीला धरले.

"बता भिया, यंदा पानी कितना गिरा?" पाहुण्यांनी विचारले.

"भोत गिर्यो, बासाब."

"भोत यानी कितने इंच?"

"इंच-विंच तो म्हने मालम नी. म्हारी भैंस को खूंटो बई ग्यो थो."

"पाहा," वडील म्हणाले.

"खुंटा वाहून जायला किती इंच लागतात?" पाहुणे म्हणाले. "खुंटा कसा ठोकला होता त्यावर आहे ते. चला, यंत्र दाखवा."

आणि दोन्ही वडील, एक पगडी आणि एक टोपी, बरणी पाहायला गच्चीवर गेले. तिसऱ्या पायरीवर पाहुण्यांचा पाय सटकल्याचा आवाज आला, आणि वडिलांचा : "विचाराधीन आहे." आई दूध तापवायला आत गेली, म्हणजे स्वयंपाकघराच्या दाराशी राहिली. ओसरीवर मी, मुलगा आणि थंड पोहे. मुलगी पाहण्याचा कार्यक्रम असा आपोआप सुरू झाला. गाणे म्हण, वाचून दाखव, असे सांगायला कोणी उरलेच नव्हते.

मुलाने पोहे खाल्ले. सगळे खाल्ले. मग म्हणाला, "तिन्ही वेळा एकच भांडं होतं का?"

"नाही. दोनदा पातेलं. तिसऱ्यांदा कळशी."

"चिथावणी कसली होती?"

"एका स्थळाचं पत्र आलं होतं. नोकरी सोडावी लागेल म्हणून."

"कळशी भरलेली?"

"रिकामी."

त्याने थोडा विचार केला. "आमच्याकडची पितळी आहे. आवाज मोठा होईल."

स्वयंपाकघरात दूध उतू गेल्याचा वास आला.

"शाळेचं काय?" मी विचारले.

"मुलींच्या शाळेत जूनपासून जागा आहे. मी विचारून आलोय." मग वर पाहत, आवाज खाली आणून तो म्हणाला, "टांग्यातून उतरताना मला कठड्यावरची बरणी दिसली. नरसाळं बरणीपेक्षा रुंद आहे. रुंद तोंडानं गोळा केलेलं पाणी अरुंद बरणीत मोजलं तर उंची वाढणारच. तुमच्या वडिलांचा पाऊस दीडपट येतो. म्हणजे खरा पस्तीसच्या आसपास. वर जाऊन सांगू का?"

माझ्या वडिलांनी आयुष्यात एकही आकडा दडपला नव्हता. मी त्यांचीच मुलगी.

"लग्न लागेपर्यंत नको," मी म्हणाले.

"बरं," तो म्हणाला.

गच्चीवरून आवाज येत होते. वडील सुतळीने बरणीचा घेर मोजत होते आणि पाहुणे सुतळी ओली आहे म्हणून हरकत घेत होते. मग धारची फूटपट्टी आणि देवासची फूटपट्टी यांत फरक असू शकतो का, यावर चर्चा झाली. नरसाळ्याकडे दोघांपैकी कोणीही पाहिले नाही. अर्ध्या तासाने दोघे खाली आले. अंगावर धूळ, दोघेही अतिशय समाधानी.

"मला मान्य नाही," पाहुणे बसत म्हणाले.

"मला आपलं अमान्य मान्य नाही," वडील म्हणाले.

आईने पाट मांडले, श्रीखंड वाढले. पाहुण्यांनी माझ्याकडे एकदाही नीट पाहिलेले नव्हते आणि आईला तेच खुपत होते. शेवटी तिनेच विषय काढला. "मग मुलीचं काय?"

पाहुण्यांनी हात धुतले, पुसले. "अहवाल द्या इकडे," ते म्हणाले.

त्यांनी पाने उलटली. शेवटच्या पानावर 'वरिष्ठांचा शेरा' हा मथळा दिसला, त्याखाली कोरी जागा. ते वडिलांकडे पाहत राहिले.

"शेरा कोण देतं?"

"कोणी नाही," वडील म्हणाले.

"मग संपलाच कसा म्हणायचा?"

"संपत नाही. फीत बांधतो."

पाहुण्यांनी दौत-टाक मागितला. वडील आत गेले, खुंटीवरून कोट काढला, घातला, सगळी बटणे लावली आणि दौत घेऊन आले. शेरा लिहून होईपर्यंत ते उभे होते. मी त्यांना गेल्या सात वर्षांत एवढे ताठ उभे असलेले पाहिले नव्हते. पाहुण्यांनी तीन ओळी लिहिल्या, खाली तारीख घातली, वाळू टाकून शाई टिपली आणि कागद परत दिला.

वडिलांनी तो मोठ्याने वाचला. "पाहिले. मुलगी पसंत. पाऊस अमान्य."

"पहिले दोन मुद्दे घ्या," आई म्हणाली, आणि साखर आणायला गेली.

लग्न वैशाखात झाले. अंतरपाट दूर झाल्यावर नवरदेवाने मला हळूच विचारले, "आता सांगू का?" मी म्हटले, पहिला दिवाळसण होऊ दे. तो झाला, मग संक्रांत झाली, आणि मग सांगण्यात अर्थ राहिला नाही. जूनपासून मी देवासच्या मुलींच्या शाळेत शिकवू लागले. वेळेवर उठायची मीच. सासऱ्यांनी अंगणात स्वतःचे पर्जन्यमापक लावले होते, आणि पावसाळाभर दोन्ही घरांत आकड्यांची पोस्टकार्डे जात-येत राहिली.

पुढच्या पाडव्याचा अहवाल वडिलांनी सासऱ्यांकडे शेऱ्यासाठी टपालाने पाठवला. सासऱ्यांच्या आधी मी तो उघडला. माझ्या लग्नावर वडिलांनी काय लिहिले आहे ते मला पाहायचे होते. पाहुण्यांच्या भेटींत नव्हते, शिक्षणात नव्हते, शांतता व सुव्यवस्थेत फक्त 'निरंक' होते. शेवटी लोकसंख्येच्या प्रकरणात सापडले : "वर्षअखेर लोकसंख्या दोन. गतवर्षीच्या मानाने एकाने घट. कारण, देवास."