एक्स्चेंजबाईंचा पासवर्ड

गल्लीत त्यांना एक्स्चेंजबाई म्हणत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली. त्या काळात लोकांची लग्नं जुळलेली ऐकली, मोडलेली ऐकली, भावाभावांची फाटलेली ऐकली. अर्थात चुकून. रोज, वेळेवर, पगार घेऊन चुकून. त्यामुळे माणसाच्या कानावर त्यांचा काडीचाही विश्वास उरला नव्हता.

दूरच्या शहरातल्या लेकीचा फोन आला. "आई, मी त्याच्यापासून वेगळी होतेय. मी येईपर्यंत कुणाला कळू देऊ नकोस." रडण्याआधी बाईंची नजर गेली खिडकीतल्या राउटरवर. लेकीचे फोन त्या वायफायवरूनच यायचे. आणि खालच्या मजल्यावर धाकटी जाऊ राहायची. बोलायला गोड, कानाने तिखट.

दुसऱ्या दिवशी इंटरनेटवाला हजर.

"काकू, कंपनीतून आला तोच पासवर्ड अजून! कुलूपही जुन्या पद्धतीचं. कुणी मनावर घेतलं तर घरातलं सगळं ऐकेल."

"नोकरी न करता?" बाईंना आपल्या पेशाची ही दशा पाहून वाईट वाटलं.

त्याने नव्या पद्धतीचं कुलूप घातलं, बाहेरून राउटरमध्ये शिरायची वाट बंद केली आणि लांबलचक पासवर्ड ठेवायला सांगितलं. बाई टाइप करायला बसल्या. एक्स्चेंजमध्ये शिस्त होती: जे ऐकाल ते मोठ्याने परत म्हणा, मगच पुढे जा. बाई निवृत्त झाल्या, शिस्त झाली नाही.

"मोठा के! के. सात! सात."

"अगं, मनात म्हण," नवरा म्हणाला.

"मनात म्हटलं की चुकतं. तुमचं आयुष्य बघा."

संध्याकाळी त्यांनी मोबाइलवर यादी पाहिली. घरात माणसं दोन, वायफायवर फोन तीन. पासवर्ड बदलला, तितक्याच खणखणीत आवाजात. सकाळी पुन्हा तीन. आता पासवर्ड इतका लांबवला की नवऱ्याने वायफायचा नादच सोडला. अखेर यादीत एकच फोन दिसला, बाईंचा स्वतःचा. बाईंनी जिंकल्याचा चहा केला.

तेवढ्यात जाऊ वर आली. "ताई, सकाळचा पासवर्ड परत सांगता? नऊच्या आकड्यानंतर आमच्याकडे मिक्सर लागला."

बाईंचा कप बशीत आदळला. "म्हणजे तू आमचं ऐकतेस?"

"ऐकायला कशाला हवं? खिडकी लावली तरी येतं. तुम्ही घरी नाही सांगत, इमारतीला सांगता."

"मग... लेकीचं?"

जाऊचं हसू थांबलं. ती खुर्ची ओढून जवळ बसली. "ते तुमच्याकडून नाही कळलं. तिने मला तुमच्या आधीच सांगितलं होतं."

"तुला? मी आई ना तिची?"

"मी विचारलं तिला, आईला आधी का नाही सांगितलंस. म्हणाली, काकू, आईला काही सांगितलं की ती शब्दन् शब्द परत म्हणून दाखवते. 'वेगळी होतेयस. बरोबर?' एकदा सांगताना जीव जातो, तेच लगेच परत कसं ऐकू?"

नवऱ्याने उगाचच वर्तमानपत्र उलटं केलं.

"रविवारी येतेय," जाऊ हळूच म्हणाली. "आधी दोन-चार दिवस माझ्याकडे राहीन म्हणाली. मग वर येईल. रागावू नका."

रागवायचं कुणावर? सगळ्या जगाचे कान बंद करायला निघालेल्या बाईंना आपलंच तोंड अडवायचं सुचलं नव्हतं. राउटरचा हिरवा दिवा इमानदारीने लुकलुकत होता. त्याच्याकडून तसूभरही चूक झाली नव्हती.

"झोपणार कुठे ती?" बाईंनी विचारलं.

"मागच्या खोलीत."

बाईंनी कपाटातून धुतलेली चादर काढली आणि त्या जिना उतरल्या. जाऊ मागोमाग आली. मागच्या खोलीत पलंग तयार होता, उशी खिडकीकडे. सकाळचं ऊन तोंडावर आलं की लेक दिवसभर चिडचिडते, हे जाऊला माहीत नव्हतं. बाईंनी उशी उचलून दुसऱ्या टोकाला ठेवली.