तिसऱ्या मजल्याचं टोक

चूक मोजावी तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनीच. अख्ख्या जुईनगरात तसा दुसरा माणूस सापडायचा नाही. जवळच्या पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात ते तपासनीस होते. लोखंडी दांडा जाड झाला तरी बाद, बारीक झाला तरी बाद, असं त्यांनी तीस वर्षं केलं. नोकरी संपली, मापणं काही संपलं नाही. मी एकदा आमटी दिली, तर वाटी परत करताना म्हणाले, "ताई, मीठ एक चिमूट चुकलं." कमी की जास्त, ते सांगितलंच नाही. विचारायला मी लाजले आणि आठ दिवस आमटीच केली नाही. सोसायटीच्या मीटिंगला सेक्रेटरी दहा मिनिटं उशिरा आले म्हणून काका त्यांच्यावर ओरडले, आणि स्वतः दहा मिनिटं आधी पोचलो म्हणून सगळ्यांची माफीही मागितली. "लवकर काय, उशीर काय, दहाची चूक ती दहाचीच!"

माझी शुभा तेव्हा अकरावी सायन्सला होती. दहावीपर्यंत मराठी शाळा आणि कॉलेजात एकदम सगळं इंग्रजी. गणिताच्या चाचणीत नापास झाली, तशी म्हणाली, "आई, मी शनिवारी आर्ट्सचा फॉर्म भरते. मला नाही जमत." बंद पडलेली इस्त्री उघडून तासन्‌तास बसणारी पोर ती. तिनं सायन्स सोडू नये असं मला फार वाटत होतं. पण मी चौथी शिकलेली, कुठल्या तोंडानं सांगू?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात रांगोळी काढत होते. शुभा उंबऱ्यावर वही घेऊन डोळे पुसत बसली होती. दूध घेऊन वर जाणारे काका थांबले आणि वहीत डोकावले. एक्स वजा तीन, दोन्ही बाजूंना उभ्या रेघा, आणि खाली तिनं काढलेला आलेख.

"केवलमूल्य! अगं, ह्यावर तर माझा पगार चालला. ह्या उभ्या रेघा म्हणजे तपासनीस. कमी की जास्त ते विचारत नाही, किती तेवढंच विचारतो. पण तू आलेख डावीकडे का सरकवलास?"

"वजा आहे ना, काका."

"वजाला भिऊ नको. राहतेस कुठल्या मजल्यावर?"

"तिसऱ्या."

"मग तळमजल्यापासून गच्चीपर्यंत प्रत्येक मजल्यावरून तुझं दार किती मजले लांब, एवढंच मांड. ताई, टाका ठिपके!"

दुधाची पिशवी मांडीवर घेऊन ते पायरीवरच बसले. मी खाली ओळीनं मजल्यांचे ठिपके टाकले. तळमजला शून्य, गच्ची पाच. शुभा प्रत्येकाच्या वर अंतराचे ठिपके देऊ लागली. तळमजल्यावर तीन ठिपके उंच, पहिल्यावर दोन, दुसऱ्यावर एक. तिसऱ्यावर, आमच्याच दारात, शून्य. चौथ्यावर पुन्हा एक, गच्चीवर दोन. मग तिनं रांगोळीची चिमूट घेऊन ठिपके जोडले, पण खाली वाटीसारखा गोल बाक दिला.

काकांसमोर मी कधी हूं की चूं केलं नव्हतं. पण ठिपक्यांपुढे राहवलं नाही. "गोल नको गं, तिथं टोक येऊ दे. दारातून निघालं, की वर जा नाहीतर खाली, सरळ लांबच जातो आपण."

माझाच आवाज ऐकून मी दचकले. काका ताडकन उभे राहिले. "ताई, चूक शून्य!" हे त्यांनी आजवर कुणालाच म्हटलं नव्हतं, सेक्रेटरींना तर नाहीच.

शुभानं बाक पुसला आणि शून्याच्या उजवीकडे, बरोबर तीनवर टोक काढलं. "आई, तुला कळलं?"

"कळलं."

"मग मला कसं नाही कळणार?" ती रडता रडता हसली. शनिवारी फॉर्म कपाटातच राहिला.

बारावी सायन्स करून आता ती इंजिनिअरिंग डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. काका मात्र गेल्या वर्षी चिपळूणला आपल्या गावी राहायला गेले. वरच्या दाराला कुलूप आहे, आणि आमटीची चूक सांगायला कुणी येत नाही. ते निघताना माझे डोळे भरले, तेव्हा म्हणाले होते, "ताई, इथून चिपळूण जेवढं, तेवढंच चिपळूणहून इथं. कुणीही निघालं तरी चालतं."

मी एकटीनं कुठं जायला घाबरते. पण शुभाची परीक्षा संपली, की आम्ही दोघीच निघणार आहोत. आमटी मी तिथंच करीन.